विमान उतरलं, बोलणं सुरू झालं

विमान धावपट्टीला टेकतं आणि मागे केबिनमध्ये मोबाइल वाजायला लागतात. पट्टे सुटल्याचे खटखट आवाज येतात, कुणीतरी उठून वरचा कप्पा उघडायला बघतं, आणि केबिन क्रूला पुन्हा एकदा बसून राहण्याची विनंती करावी लागते. प्रवाशांच्या लेखी प्रवास संपलेला असतो. कॉकपिटमध्ये उजव्या सीटवर बसणाऱ्याच्या कामाचा सगळ्यात दाटीचा भाग त्याच वेळी सुरू होतो.

मी एटीआर 72 या विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. सिम्युलेटर संपला की प्रवासी बसलेल्या खऱ्या फ्लाइटवर, ट्रेनिंग कॅप्टनच्या शेजारी बसून शिकायचं असतं. त्याला लाइन ट्रेनिंग म्हणतात. त्या काळात माझं लँडिंग कसं होतंय याची चौकशी घरी, मैत्रिणींत, सगळीकडे व्हायची. उतरल्यावर बेपर्यंत, म्हणजे विमान उभं करायच्या जागेपर्यंत, जाताना रेडिओवर काय चालतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. तेच इथे सांगते. माझ्या मते नवीन पायलटचा कस तिथे लागतो, आणि पुस्तक वाचून त्याची कल्पना फार थोडी येते.

आधी कामाची वाटणी सांगते. आमच्या विमानात जमिनीवर नाकाचं चाक वळवायची मूठ, म्हणजे टिलर, फक्त डाव्या बाजूला असते. त्यामुळे लँडिंग मी केलेलं असलं तरी वेग पुरेसा कमी झाला की कॅप्टन म्हणतात, "आय हॅव कंट्रोल," आणि विमान त्यांच्या हातात जातं. रेडिओ माझ्याकडे येतो. विमान चालवणार एक जण; ते कुठून न्यायचं हे ऐकून घेणार, परत म्हणून दाखवणार आणि नकाशावर पडताळणार दुसरा. तो दुसरा जर अर्धवट ऐकत असेल, तर पहिला कितीही अनुभवी असला तरी उपयोग नाही.

कंट्रोलरनं दिलेली सूचना आपण जशीच्या तशी परत म्हणून दाखवतो, त्याला रीडबॅक म्हणतात. कुठल्याही धावपट्टीवर जाणं, ती ओलांडणं, तिच्या अलीकडे थांबणं, तिच्यावरून उलट दिशेनं येणं, यांतल्या प्रत्येक सूचनेचं रीडबॅक द्यावंच लागतं, धावपट्टीच्या क्रमांकासकट. तिथे नुसतं 'रॉजर' चालत नाही. 'रॉजर' म्हणजे 'तुमचं बोलणं पोहोचलं' एवढंच. काय पोहोचलं ते त्यातून कळत नाही.

हे सगळं मी गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर, छोट्या डायमंड विमानात बसून शिकले होते. आरटीआरची परीक्षाही दिली होती. रेडिओवर बोलायचा परवाना म्हणून ही परीक्षा पायलटला द्यावीच लागते. बंद खोलीत परीक्षकासमोर काल्पनिक फ्लाइट म्हणून दाखवायची. वाक्यं पाठ होती, उच्चार नीट होते. पण तिथे कंट्रोलर एकाच विमानाशी बोलत असतो. खऱ्या फ्रीक्वेन्सीवर तो दहा-बारा विमानांशी बोलत असतो, आणि त्या गर्दीतून आपलं नाव वेगळं काढणं हे निराळंच कौशल्य आहे.

माझी सुरुवात लहान विमानतळांवर झाली याचं मला फार बरं वाटतं. कोल्हापूरचंच घ्या. तिथे धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानांना जमिनीवरून चालत जायचा रस्ता, नाही. 25 क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरलो की विमान थांबवायचं, वळवायचं आणि त्याच धावपट्टीवरून उलटं चालत एप्रनकडे, म्हणजे विमानं उभी करायच्या मोकळ्या जागेकडे, यायचं. टॉवर सांगतो, "बॅकट्रॅक रनवे टू फाइव्ह, व्हेकेट व्हाया..., रिपोर्ट रनवे व्हेकेटेड." जमिनीवरच्या हालचाली बघणारा वेगळा कंट्रोलर, म्हणजे ग्राउंड, नाही, फ्रीक्वेन्सी बदलायची नाही, ज्यानं उतरायची परवानगी दिली तोच बेपर्यंत सोबत करतो. ऐकायला सोपं वाटतं. पण तेवढा वेळ अख्खा विमानतळ आपण अडवून ठेवलेला असतो. वर कुणी येत असेल तर आपल्या "रनवे व्हेकेटेड", म्हणजे धावपट्टी मोकळी केली, या दोन शब्दांवर त्याचं उतरणं अवलंबून असतं. पावसाळ्यात कोल्हापूरला ढग इतके खाली येतात की टॉवरमधल्या माणसाला आपली शेपटी कुठे आहे ते धड दिसत नसेल. तो आपल्या शब्दावर विश्वास ठेवतो.

हे "व्हेकेटेड" कधी म्हणायचं, यावर आमच्या कॅप्टननी मला एकदा कोल्हापूरच्या एप्रनवर, इंजिन बंद केल्यावर, बराच वेळ समजावलं होतं. धावपट्टीतून बाहेर पडताना आडव्या पिवळ्या रेषा लागतात, दोन सलग आणि दोन तुटक. धावपट्टीच्या बाजूला तुटक, बाहेरच्या बाजूला सलग. आपण कॉकपिटमध्ये सगळ्यात पुढे बसलेलो असतो. रेषा आपल्या पायाखालून गेली तेव्हा मागचं जवळजवळ अख्खं विमान अजून अलीकडेच असतं. एटीआर 72 ची लांबी साधारण 27 मीटर. "अगं, तू पोचलीस, शेपटी कुठे पोचलीय?" ते म्हणाले. शेपटीचं टोकसुद्धा रेषेपलीकडे गेल्याशिवाय धावपट्टी मोकळी झाली असं म्हणता येत नाही. आता मी बाहेर पडताना विमान आणखी थोडं पुढे जाऊ देते आणि मगच रेडिओचं बटण दाबते.

त्यांची दुसरी शिस्त हातांची होती. उतरल्यावर फर्स्ट ऑफिसरला बरीच किरकोळ कामं असतात. फ्लॅप वर घ्यायचे, गस्ट लॉक लावायचा, लँडिंग लाइट आणि स्ट्रोब बंद करायचे, रडार बंद करायचं. हात शिवशिवतात, कारण ती कामं पाठ असतात आणि झटपट उरकली की आपण तरबेज आहोत असं वाटतं. कॅप्टनचा दंडक असा की धावपट्टीतून पूर्ण बाहेर पडेपर्यंत आणि टॅक्सीची पहिली सूचना घेऊन तिचं रीडबॅक होईपर्यंत यातल्या कशालाही हात लावायचा नाही. डोकं खाली घालून फ्लॅपचा दांडा बघत असताना कानावर पडलेली सूचना पाण्यावर काढलेल्या रेघेसारखी असते. फ्लॅप थांबू शकतात.

पुण्याचा अनुभव वेगळा. लोहगाव हा वायुसेनेचा तळ आहे, टॉवरमध्ये वायुसेनेचे कंट्रोलर असतात. मागे प्रवाशांना फोटो काढू नका म्हणून घोषणा होत असते आणि इकडे फ्रीक्वेन्सीवर "जय हिंद" होतं. तिथले कंट्रोलर मोजकं बोलतात. मला ते फार आवडतं. सुखोई परत येत असतील तर आपल्याला लवकर बाहेर पडा म्हणून सांगतात, आणि त्यात गोडीगुलाबी नसते, गरज असते. लढाऊ विमानं वेगात येतात, एकामागून एक येतात, आणि त्यांच्याकडे परतीच्या वेळी इंधन फार नसतं. "एक्स्पेडाइट", म्हणजे घाई करा, हा शब्द ऐकला की कॅप्टन वेग वाढवतात, पण वळण आहे तेवढ्याच वेगानं घेतात. घाई कुठे करायची आणि कुठे नाही हे माणसानं आधीच ठरवून ठेवलेलं असावं, हे मी त्यांच्या हाताकडे बघून शिकले. गोव्यात दाबोळीला हीच गोष्ट नौदलाच्या बाबतीत. तिथला तळ आयएनएस हंसा. टॉवरमध्ये नौदलाची माणसं, शिस्त तीच.

मग मुंबई.

मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, 09/27 आणि 14/32 (एकेका धावपट्टीच्या दोन टोकांचे हे दोन क्रमांक), आणि त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन असूनही एका वेळी बहुतेक एकच वापरतात. डिसेंबर 2018 मध्ये या विमानतळावर एका दिवसात 1,007 विमानांची ये-जा झाली होती. यावरून एका धावपट्टीवर किती भार पडतो याचा अंदाज येईल. उतरलेल्या विमानाला धावपट्टीवर रेंगाळायला सवडच नसते. तुमच्या मागे काही मैलांवर दुसरं विमान रांगेत असतं आणि त्या दोघांच्या मधल्या फटीत टॉवर एखादं विमान उडवत असतो. तुम्ही उशिरा बाहेर पडलात तर मागच्याला गो-अराउंड करावा लागतो, म्हणजे न उतरता पुन्हा वर जावं लागतं.

म्हणून मुंबईची तयारी उतरण्याच्या अर्धा तास आधी, वरच होते. टॅबवर विमानतळाचा नकाशा उघडायचा. कोणत्या टॅक्सीवेनं बाहेर पडणार, तिथून बे साधारण कुठे, मध्ये कुठली धावपट्टी ओलांडावी लागेल, नकाशावर हॉटस्पॉट म्हणून, म्हणजे चूक व्हायचा धोका जास्त म्हणून, गोल केलेल्या जागा कोणत्या, हे दोघांनी मोठ्यानं बोलायचं. म्हणजे ग्राउंडनं सूचना दिली की ती कानाला ओळखीची वाटते. अपेक्षेपेक्षा वेगळं काही आलं तर ते लगेच खटकतं. मात्र याची एक काळी बाजू आहे, तीही कॅप्टननीच दाखवली. आपण जे ऐकायची तयारी केलेली असते तेच कानाला ऐकू येतं. म्हणून मी मांडीवरच्या कागदावर अक्षरं लिहूनच घेते: टॅक्सीवेची अक्षरं ओळीनं, आणि जिथे थांबायचं तिथे चौकोन. ऐकतानाच लिहिलं तर कानाला स्वतःच्या मनाचं काही घालायला वाव राहत नाही.

जुलैतली रात्र होती. 27 वर उतरलो. वायपर पूर्ण वेगात, तरी समोर दिव्यांचा नुसता चिखल. टॉवर म्हणाला, उजवीकडे बाहेर पडा आणि ग्राउंडशी बोला. मी फ्रीक्वेन्सी बदलली आणि लगेच बटण दाबलं नाही. आधी ऐकायचं. कुणी बोलत असेल, कुणाचं उत्तर यायचं राहिलं असेल, तर मध्ये घुसायचं नाही. ग्राउंडवर मोठी रांग होती. एकाला बे मोकळा नव्हता, एकाला पुशबॅक, म्हणजे बेवरून मागे ढकलून, हवा होता, एक परदेशी विमान पुन्हा पुन्हा रस्ता विचारत होतं आणि कंट्रोलर बाई त्याला न चिडता, वाक्याचे छोटे तुकडे करून सांगत होत्या. आमची पाळी आली. नोव्हेंबर, म्हणजे एन अक्षराच्या टॅक्सीवेवरून या आणि रनवे वन फोरच्या अलीकडे थांबा. मी लिहिलं, म्हटलं, थांबण्याचा भाग स्पष्ट म्हटला. आमचा बे पलीकडच्या बाजूला असल्यामुळे 14/32 ओलांडणं भाग होतं.

त्या वेळी 14/32 वर एकही विमान उतरत किंवा उडत नव्हतं. तरीही ती धावपट्टीच आहे. तिच्यावरून तपासणीची जीप जात असेल, कुणी विमान ओढून नेत असेल. परवानगीशिवाय त्या पिवळ्या रेषेवर चाक घालायचं नाही, मग ती धावपट्टी महिनाभर ओस पडलेली का असेना. आम्ही रेषेअलीकडे थांबलो. स्टॉप बारचे, म्हणजे थांबायच्या रेषेवरचे, लाल दिवे ओल्या जमिनीत दुहेरी दिसत होते.

थोड्या वेळानं ग्राउंडनं आमचा फ्लाइट क्रमांक घेऊन धावपट्टी ओलांडायची परवानगी दिली. मला ते व्यवस्थित ऐकू आलं. मी बटण दाबून रीडबॅक दिलं, आणि बटण सोडलं तेव्हा हेडसेटमध्ये एक लांब शिट्टीसारखा आवाज विरत होता. दोघं एकाच वेळी बोलले की असं होतं. आमच्या क्रमांकातले आकडे उलटेपालटे केले की जो क्रमांक तयार होईल तशा क्रमांकाचं आणखी एक विमान फ्रीक्वेन्सीवर होतं. त्या पायलटनं आमची परवानगी स्वतःसाठी समजून रीडबॅक दिलं होतं, माझ्याच वेळी.

मी कॅप्टनकडे बघितलं. परवानगी आम्हालाच होती, मला खात्री होती, त्यांनाही होती. ब्रेक त्यांनी सोडला नाही.

ग्राउंडच्या बाईंनी एक क्षण जाऊ दिला. मग त्यांनी त्या दुसऱ्या विमानाचा क्रमांक एकेक आकडा सुटा करून घेतला आणि आहे तिथेच थांबायला सांगितलं. त्यानं रीडबॅक दिलं. त्यानंतर आमचा क्रमांक, तसाच सुटा सुटा, आणि ओलांडायची परवानगी पुन्हा. मी रीडबॅक दिलं. मग दोन्ही विमानांना सांगितलं की मिळतेजुळते क्रमांक फ्रीक्वेन्सीवर आहेत, लक्ष ठेवा. सगळं मिळून अर्धा मिनिट गेलं असेल. लाल दिवे विझले. कॅप्टन म्हणाले, "लेफ्ट क्लिअर." मी उजवीकडे टोकापर्यंत बघून म्हटलं, "राइट क्लिअर." आम्ही धावपट्टी ओलांडली.

बेवर पोचल्यावर कॅप्टन मराठीत म्हणाले, "आपण ऐकलं ते बरोबरच होतं. पण तिनं आपलं ऐकलं का, ते आपल्याला कळलं नव्हतं ना? मग सूचना पूर्ण झालीच नव्हती." मी हे तोपर्यंत उलट धरून बसले होते. रीडबॅक म्हणजे कंट्रोलरसमोर धडा म्हणून दाखवणं, म्हटलं की आपलं काम झालं, असं मला वाटायचं. रीडबॅक ऐकणं हे कंट्रोलरचं काम आहे, चुकीचं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करणं हेही त्यांचंच काम आहे, आणि ते ऐकलं गेलं की नाही याची शंका असेल तर हलायचं नाही, हे आमचं.

त्या शिट्टीबद्दल मी आधी वाचलेलं होतं. 27 मार्च 1977 रोजी कॅनरी बेटांवरच्या टेनेरिफमध्ये धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात याहून मोठा अपघात झालेला नाही. पॅन ॲमचं विमान धावपट्टीवरून टॅक्सी करत होतं, तिसऱ्या वळणानं बाहेर पडायचं होतं. केएलएमच्या विमानानं परवानगीशिवाय टेकऑफ सुरू केला. टॉवरचं "थांबा, मी सांगतो" आणि पॅन ॲमचं "आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत" ही दोन वाक्यं एकाच वेळी आली, आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये त्यातला मोठा भाग शिट्टीत बुडाला. दोघांपैकी एकजण दोन सेकंद मागेपुढे बोलला असता तर. टेकऑफ हा शब्द आज प्रत्यक्ष टेकऑफची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात आणि बाकी सगळीकडे 'डिपार्चर' म्हणतात, ते त्या अपघातानंतर. वाचलं होतं, पण हेडसेटमध्ये तोच आवाज आल्यावर ते पान माझ्यासाठी नुसता इतिहास राहिलं नाही.

दुसरा अपघात मी त्यानंतर मुद्दाम शोधून वाचला. मला तो जास्त अस्वस्थ करतो, कारण त्यात रीडबॅक बरोबर होतं. 8 ऑक्टोबर 2001, मिलानचा लिनाते विमानतळ, सकाळचं दाट धुकं. एका छोट्या सेसना जेटला रोमिओ फाइव्ह या टॅक्सीवेनं उत्तरेकडे जायला सांगितलं होतं. पायलटनं रोमिओ फाइव्ह असंच परत म्हटलं. आणि विमान रोमिओ सिक्सवर वळलं, जो धावपट्टी ओलांडून जातो. वाटेत पायलटनं आपण 'सिएरा फोर' जवळ आल्याचं कळवलंही. जमिनीवर तशी खूण होती. कंट्रोलरच्या नकाशात नव्हती. ती कुठे आहे याचा त्यानं पाठपुरावा केला नाही. जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार त्या काळात बंदच होतं. टेकऑफ घेणारं स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचं विमान त्या सेसनावर आदळलं. 118 माणसं गेली, त्यातली चार जमिनीवर काम करणारी.

यावर आम्ही पुणे-गोवा फ्लाइटच्या मधल्या वेळात खूप बोललो. तोंडानं बरोबर म्हटलं आणि चाक भलतीकडे गेलं, हे कसं थांबवायचं? मुंबईत आज जमिनीवरचं रडार आहे. आमचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विमानाची ओळख रडारला कळवणारं यंत्र, बेवर पोहोचेपर्यंत चालू ठेवावा लागतो तो त्यासाठीच, म्हणजे कंट्रोलरला पडद्यावर आम्ही नावासकट दिसतो. कोल्हापूरला, शिर्डीला ही सोय नाही. आणि यंत्र असलं तरी आपला भाग उरतोच. तेव्हापासून माझी एक पद्धत बसली. रीडबॅक दिल्यावर मी लिहिलेली अक्षरं कॅप्टनसमोर धरते आणि म्हणते, "पुढचं डावीकडे, मग दुसरं उजवीकडे, मग थांबायचंय." ते नकाशावर बोट ठेवतात. पाटी आली की मी ती मोठ्यानं वाचते. काळ्यावर पिवळं अक्षर म्हणजे आपण कशावर आहोत, पिवळ्यावर काळं म्हणजे पुढे काय आहे. दोघांपैकी एकालाही शंका आली तर थांबायचं आणि ग्राउंडला सांगायचं की आम्हाला जागेची खात्री नाही. सांगितल्यावर आजवर एकाही कंट्रोलरनं मला तुसडेपणानं उत्तर दिलेलं नाही. ती त्यांच्याच कामाची माहिती आहे.

"से अगेन" म्हणण्याबद्दलही हेच. नवीन फर्स्ट ऑफिसरना, त्यातही लहान गावातून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या मुला-मुलींना, पुन्हा विचारण्याचा संकोच फार असतो. सगळे ऐकताहेत, आपलं इंग्रजी कच्चं वाटेल. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेय, म्हणून हे जिव्हाळ्यानं सांगते. रेडिओवरचं इंग्रजी हे साहित्यिक इंग्रजी नसतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची भाषेची जी पातळी लागते, किमान चौथी, तिच्यात उच्चार समजण्याजोगा असणं, अनपेक्षित प्रसंगात गोष्ट सांगता येणं आणि शंका आली तर विचारता येणं यावर भर आहे. विचारता येणं हा त्या परीक्षेचाच भाग आहे. मी ऐकलेले सगळ्यात चांगले पायलट "से अगेन" बिनदिक्कत म्हणतात. ज्यांचं बोलणं सुसाट आणि झोकदार असतं त्यांचेच शब्द गिळले जातात आणि कंट्रोलरला दोनदा बोलावं लागतं. मग रांगेतल्या सगळ्यांचा वेळ जातो.

विमान बेपर्यंत आणण्याचा शेवटचा टप्पा बहुधा वाट बघण्याचा असतो. मुंबईत संध्याकाळी आपला बे रिकामा असेलच असं नाही. आधीच्या विमानाचं सामान चढत असतं. ग्राउंड सांगतो, अमुक ठिकाणी थांबा, बे तयार झाला की सांगतो. मागून प्रवासी विचारतात, उतरून एवढा वेळ झाला तरी का थांबलोय. त्या वेळी कंट्रोलरला दर मिनिटाला विचारत बसण्यात काही अर्थ नसतो. एकदा विचारायचं, उत्तर घ्यायचं, कॅप्टन प्रवाशांना खरं कारण सांगतात, आणि आम्ही ऐकत राहतो. या थांबण्यात इतर विमानांच्या सूचना ऐकून विमानतळाचं चित्र डोळ्यासमोर उभं करण्याचा सराव मी खूप केला. कोण कुठून येतंय, कुणाला कुणाच्या मागे जायला सांगितलंय. "बिहाइंड" म्हणून सूचना आली, म्हणजे अमुक विमान पुढून गेल्यावर त्याच्या मागून जा, तर ते विमान आपल्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे, आणि रीडबॅकमध्ये ती अटही आली पाहिजे. आधी चित्र तयार असेल तर ते विमान शोधायला वेळ लागत नाही. मग मार्शलर, म्हणजे हातानं खुणा करणारा माणूस, किंवा भिंतीवरचा दिवे दाखवणारा फलक, थांबा, ब्रेक. उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकनं थांबवून इंजिन विजेसाठी चालू ठेवायची सोय एटीआरमध्ये आहे. त्यामुळे रेडिओ लगेच बंद होत नाही, आणि मी बे क्रमांकावर पोचल्याची नोंद करेपर्यंत हेडसेट कानावरच असतो.

माझ्या शेवटच्या चेक फ्लाइटला दुसरे कॅप्टन होते. लँडिंगबद्दल ते दोन वाक्यं बोलले. मग त्यांनी माझ्या मांडीवरचा कागद मागून घेतला आणि विचारलं, इथे चौकोन का केलाय, तिथे नक्की काय म्हणालीस, आणि ग्राउंडनं उत्तर दिलं नसतं तर काय केलं असतंस. उत्तरं देताना मला आठवण्याचा प्रयत्न करावा लागला नाही. त्यांनी सही केली.

आता नवी मुंबईच्या विमानतळाचा अभ्यास चालू आहे. 25 डिसेंबर 2025 पासून तिथे प्रवासी उड्डाणं सुरू झाली. सध्या एकच धावपट्टी, 08/26, लांबी 3,700 मीटर. छेदणारी धावपट्टी नाही, त्यामुळे मुंबईतल्यासारखं ओलांडायचं काही नाही. पण नकाशा नवा आहे आणि सवय जुन्या जागेची आहे, म्हणून बाहेर पडण्याचे टॅक्सीवे मी वहीत हातानं काढून घेतेय, दिवसा कसे दिसतील आणि पावसात रात्री कसे दिसतील अशी दोन्ही चित्रं डोळ्यासमोर ठेवून. मुंबई ग्राउंड आणि नवी मुंबई ग्राउंड ही दोन नावं घाईत कानाला जवळची लागतील असं मला वाटतं. म्हणून फ्रीक्वेन्सी बदलल्यावर पहिल्या हाकेत स्टेशनचं पूर्ण नाव घ्यायचं, असं मी आणि माझ्याबरोबर हल्ली उडणाऱ्या कॅप्टननी आधीच ठरवून टाकलंय.